बारा व्होल्ट मागितले, नऊ आले: सदाशिव पेठेतल्या एका आराशीचं प्रकरण

सदाशिव पेठेतलं घर, गौरींबरोबर विसर्जन होणारा गणपती आणि मखरामागे तीन अडॅप्टर खोचलेला एक्स्टेंशन बोर्ड. मागच्या वर्षी त्यातला एक अडॅप्टर जळाला. घरात लॅपटॉपचा ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर होता, तेव्हा सगळी आरास त्या एकाच चार्जरवर चालवायचं ठरलं. वॅटचा हिशेब बघितला तर ते सहज जमायला हवं होतं. अडलं ते व्होल्टपाशी.

मखरामागचं सामान असं होतं. वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी ४ मीटर, १२ व्होल्टची, मीटरला ४.८ वॅट, म्हणजे १९.२ वॅट, १.६ अँपिअर. कारंज्याचा छोटा पंप, १२ व्होल्ट, ०.३५ अँपिअर. मूर्तीमागचं चक्र फिरवणारी गिअर मोटर, १२ व्होल्ट, फिरताना ०.१५ अँपिअर. शिवाय रंग बदलणारी डब्ल्यूएस२८१२बी पट्टी, ९० दिव्यांची, ५ व्होल्टवर, आणि ती चालवणारा ईएसपी३२ बोर्ड. थोडक्यात १२ व्होल्टवर २.१ अँपिअर, आणि ५ व्होल्टवर किती ते आपण ठरवू तितके.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘पीडी ट्रिगर’ मागितलं की नखाएवढा बोर्ड हातात येतो (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सी चार्जरकडून व्होल्टेज मागून घ्यायची पद्धत). एका बाजूला सी सॉकेट, दुसऱ्या बाजूला प्लस-मायनसचे पॅड, मध्ये बहुतेक वेळा सीएच२२४के ही आयसी. या प्रकरणातही तोच बोर्ड होता. त्यावर १२ व्होल्टचा जंपर सोल्डर करून थेट पट्टी जोडली. पट्टी लागली, पण जेमतेम मिणमिणत. पंप कुंथत होता. मीटर लावल्यावर ९.० व्होल्ट दिसले.

चार्जरच्या यादीत १२ नव्हतेच

यूएसबी-सी चार्जर आपण सांगू तो व्होल्टेज देत नाही. त्याच्याकडे एक ठरलेली यादी असते. केबल लावल्यावर सीसी नावाच्या तारेवरून तो ती यादी पाठवतो, समोरचं उपकरण तिच्यातलं एक कलम मागतं, चार्जर होकार देतो आणि मग व्होल्टेज चढतो. ट्रिगर बोर्ड हे मागण्याचं काम करतो. तो स्वतः व्होल्टेज तयार करत नाही.

पॉवर डिलिव्हरीच्या आजच्या नियमांत नेहमीच्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा आहेत. अगदी पहिल्या आवृत्तीच्या प्रोफाइलमध्ये १२ होते. नंतर ते सक्तीच्या यादीतून गेले आणि ऐच्छिक झाले. कुणी देतो, कुणी देत नाही. या लॅपटॉप चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर आणि २० व्होल्ट ३.२५ अँपिअर एवढंच छापलेलं होतं. सीएच२२४केला १२ सापडले नाहीत, तेव्हा त्याने खालची पायरी घेतली. दुसऱ्या आयसीचे काही बोर्ड अशा वेळी ५ वरच थांबतात. दोन्हींत हिरवा दिवा तेवढ्याच आनंदाने लागतो, म्हणून दिव्यावर विसंबू नये.

पट्टी मिणमिणण्याचंही कारण आहे. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ असतात आणि सोबत एक रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तिघांना मिळून ९. म्हणजे ९ व्होल्टवर रेझिस्टरसाठी काही उरतच नाही आणि करंट नावापुरता वाहतो. उलट बाजूचा मोहही बऱ्याच जणांना होतो: ‘१५ देऊन बघू, ३ व्होल्टने काय होतंय?’ १२ वर रेझिस्टरवर ३ व्होल्ट पडतात, १५ वर ६ पडतील. करंट थेट दुप्पट. पट्टी त्या संध्याकाळी झकास दिसेल आणि गौरी जेवायच्या आत पिवळी पडेल.

आणखी दोन चार्जर, आणखी दोन उत्तरं

घरातले बाकीचे चार्जरही लावून पाहिले गेले. मोबाइलबरोबर आलेला ३३ वॅटचा चार्जर, ज्याचं तोंड जुन्या चौकोनी ए प्रकारचं होतं, त्याने ५.१ व्होल्ट दिले. ए-टू-सी केबलमध्ये सीसी तार चार्जरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पीडीची बोलणी होऊ शकत नाहीत. असे चार्जर जलद चार्जिंगसाठी कंपनीची स्वतःची भाषा डेटाच्या तारांवरून वापरतात. ती त्याच कंपनीच्या फोनला कळते, ट्रिगर बोर्डाला कळेलच असं नाही. म्हणजे चार्जरवर छापलेला वॅटचा मोठा आकडा प्रोजेक्टसाठी निरुपयोगी ठरू शकतो. पोटावर यादी वाचायची आणि सी-टू-सी केबलच वापरायची.

तिसरा चार्जर २० वॅटचा, सी तोंडाचा. त्याच्या यादीत १२ व्होल्ट १.६७ अँपिअर होते! बोर्डाने १२ घेतले, पट्टी स्वच्छ लागली. पंप आणि मोटर जोडल्यावर सगळं विझलं, पुन्हा लागलं, पुन्हा विझलं. भार २.१ अँपिअरचा, कबूल केलेले १.६७. चार्जर जादा करंट बघून बंद पडतो, ५ व्होल्टवर परत उठतो, बोर्ड पुन्हा १२ मागतो आणि हेच चक्र चालू राहतं. ठरावीक लयीत होणारी अशी उघडझाप दिसली की सैल जोड शोधण्याआधी अँपिअरची बेरीज करावी.

पीपीएसचा (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय) पर्यायही चर्चेत आला. पीडी ३.० मध्ये आलेली ही सोय २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तो व्होल्टेज देते, त्यामुळे कागदावर १२.० व्होल्ट थेट मिळतात. अडचणी दोन. फोनच्या बऱ्याच चार्जरांत पीपीएसची मर्यादा ३.३ ते ११ व्होल्ट असते, १२ तिच्याबाहेर; १६ किंवा २१ पर्यंत जाणारा चार्जर हवा. शिवाय मागणी एकदा करून भागत नाही. दर १० सेकंदांच्या आत ती परत पाठवावी लागते, नाहीतर चार्जर सगळं रद्द करून ५ व्होल्टवर येतो. हे काम एपी३३७७२सारखी आयसी करते. टेबलावरच्या बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायसाठी पीपीएस फार छान. सणभर मखरामागे पडून राहणाऱ्या डब्यात इतकं नाजूक काही नसलेलं बरं.

२० मागा, खाली आपण उतरवा

शेवटी ठरलं ते असं: चार्जरच्या यादीतला सगळ्यात वरचा ठरलेला व्होल्टेज घ्यायचा आणि १२ व ५ दोन बक कन्व्हर्टरनी (व्होल्टेज खाली उतरवणाऱ्या मॉड्यूलनी) स्वतः तयार करायचे. १२ व्होल्टवर २५.२ वॅट आणि ५ व्होल्टवर २ अँपिअर धरून १० वॅट, एकूण ३५.२. बकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर चार्जरकडून ३९ वॅट लागतात, म्हणजे २० व्होल्टवर १.९५ अँपिअर. साध्या सी-टू-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर, त्यामुळे ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी चिप) असलेल्या ५ अँपिअरच्या केबलची गरज उरली नाही. याच भाराला १५ व्होल्टवर २.६ अँपिअर लागले असते. चाललं असतं, पण काठावर.

या रचनेच्या बाजूने एक मुद्दा क्वचितच बोलला जातो. सीएच२२४केच्या सीएफजी१ पायाला जमिनीकडे (ग्राउंडला, म्हणजे मायनसला) ६.८ किलोओहम लावला की ९ व्होल्ट, २४ किलोओहमला १२, ५६ किलोओहमला १५, आणि काहीच न लावता मोकळा सोडला की २०. म्हणजे १२ साठी केलेला जंपर कच्चा सोल्डर होऊन सुटला, तर बोर्ड गुपचूप २० मागतो आणि १२ व्होल्टची पट्टी थेट २० वर जाते. आधीच २० घेऊन पुढे बक ठेवला की हा धोकाच संपतो: जंपर नाही, सुटण्यासारखंही काही नाही.

बकसाठी एक्सएल४०१५चे दोन मॉड्यूल घेतले. एलएम२५९६ सगळीकडे मिळतो, पण २० वरून ५ व्होल्ट २ अँपिअर काढताना तो चांगलाच तापतो, आणि मखरामागे थर्माकोल, कापड आणि सुकलेली फुलं असतात. एक्सएल४०१५चे दोन प्रकार दुकानात मिळतात: एका ट्रिमरचा (आउटपुट लावायचा छोटा स्क्रू) आणि दोन ट्रिमरचा. दुसऱ्यात करंटची मर्यादाही लावता येते, म्हणून तो भारी वाटतो. इथे तो मुद्दाम टाळला. त्याचा करंट मोजणारा शंट आतल्या आणि बाहेरच्या मायनसच्या मध्ये असतो. ईएसपी३२ने १२ व्होल्टची पट्टी मॉसफेटमार्फत (इलेक्ट्रॉनिक स्विचसारखा ट्रान्झिस्टर) मंद करायची तर दोन्ही मॉड्यूलचे बाहेरचे मायनस एकत्र जोडावे लागतात, आणि ते जोडले की शंटला वळसा पडून करंटची मर्यादा नावालाच उरते. त्यापेक्षा एका ट्रिमरची दोन साधी मॉड्यूल आणि प्रत्येकाच्या आउटपुटला ३ अँपिअरचा फ्यूज.

ट्रिमर भार न जोडता फिरवायचा. मॉड्यूल नवं असताना आउटपुट बहुतेकदा इनपुटच्या जवळपास असतो आणि बरेच फेरे डावीकडे फिरवूनही मीटर हलत नाही. घाबरू नये, फिरवत राहावं. एक १२.० वर, दुसरं ५.१ वर. मग ट्रिमरवर नेलपॉलिशचा थेंब. हे झाल्याशिवाय ईएसपी३२ जवळही आणू नये.

सुरुवातीचे काही मिलिसेकंद

जोडणी बरोबर, आकडे बरोबर, तरी पहिल्यांदा चार्जर उठेना. याचं कारण कपॅसिटर. यूएसबी-सीच्या नियमांप्रमाणे जोडणीच्या क्षणी उपकरणाने व्हीबसवर (केबलमधली प्लसची तार) १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त दाखवू नयेत. पीडीची बोलणी झाल्यावर १०० पर्यंत चालतात. या प्रत्येक मॉड्यूलच्या इनपुटला २२० मायक्रोफॅरड, दोघांचे मिळून ४४०. काही चार्जर हे पोटात घालतात, काही शॉर्ट समजून बंद होतात. भर म्हणजे बोलणी पूर्ण होईपर्यंत व्हीबसवर ५ व्होल्टच असतात, आणि तेवढ्यात बक धडपडायला लागला तर बोलणीही फिसकटतात.

इलाज म्हणून ट्रिगर आणि बक यांच्या मध्ये एक स्विच बसवला, जो सुमारे १४ व्होल्टच्या वरच चालू होतो. आयआरएफ९५४०एन हा पी-चॅनल मॉसफेट: सोर्स ट्रिगरच्या प्लसला, ड्रेन दोन्ही बककडे. गेट आणि सोर्समध्ये १०० किलोओहम. गेटपासून दुसरा १०० किलोओहम बीसी५४७च्या कलेक्टरला, एमिटर मायनसला. ट्रिगरच्या प्लसपासून १३ व्होल्टचा झेनर (पट्टा प्लसच्या बाजूला), त्याच्यापुढे १० किलोओहम, मग बीसी५४७चा बेस. बेस ते मायनस आणखी १० किलोओहम. दोन १०० किलोओहममुळे २० व्होल्टवरही गेट-सोर्समध्ये १० व्होल्टच पडतात. या मॉसफेटची सीमा २० आहे, त्यामुळे हा विभागक वगळू नये.

सावकाश चालू होण्यासाठी गेट-ड्रेनमध्ये १०० नॅनोफॅरड. त्यामुळे ड्रेन एकदम उसळत नाही, साधारण १५ मिलिसेकंदांत चढतो, आणि ४४० मायक्रोफॅरड भरताना करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतो. मात्र हा एकटा कपॅसिटर प्लग लावताच गेटला खाली ओढून मॉसफेट क्षणभर उघडू शकतो. म्हणून गेट-सोर्समध्ये त्याच्या दहापट, १ मायक्रोफॅरड, लावायचा. दोन्ही ५० व्होल्टचे.

या स्विचचा दुसरा फायदा जास्त मोलाचा निघाला. चुकून २० वॅटचा चार्जर लागला आणि बोर्ड १२ किंवा ९ वर थांबला, तर अर्धवट उजेड आणि कुंथणारा पंप असला प्रकार होत नाही. आरास लागतच नाही. चूक लगेच कळते.

पंप आणि मोटरच्या टोकांवर उलट्या दिशेने १एन५८१९ डायोड लावले. रंगीत पट्टीचं गणित वेगळं आहे: ९० दिवे पूर्ण पांढरे केले तर प्रत्येकी ६० मिलिअँपिअरप्रमाणे ५.४ अँपिअर. ईएसपी३२वर चालणाऱ्या डब्ल्यूएलईडी या प्रोग्राममध्ये करंटची मर्यादा १५०० मिलिअँपिअर टाकली की तो प्रोग्राम स्वतःच उजेड कमी करतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही. रात्री मखरासमोर पूर्ण तेजाची पट्टी तशीही डोळ्यांत खुपते.

सण सुरू झाल्यावर

दुसऱ्या दिवशी आरतीच्या ऐन वेळी सगळं विझलं आणि दोन सेकंदांनी परत लागलं. दर्शनाला आलेल्या मावशींनी त्याच चार्जरच्या दुसऱ्या तोंडाला फोन लावला होता. एकाहून जास्त तोंडांचा चार्जर नवीन उपकरण दिसलं की वॅट नव्याने वाटतो, आणि त्यासाठी आधीच्या तोंडाचा पुरवठा क्षणभर तोडतो. या चार्जरची वाटणी ४५ आणि २० अशी होती. ४५ मध्ये २० व्होल्ट २.२५ अँपिअर बसतात, म्हणून आरास परत लागली तरी. ज्या चार्जरात वाटणीनंतर पहिल्या तोंडाला ३० वॅटच उरतात, तिथे ती लागली नसती. रिकाम्या तोंडावर टेप चिकटवली. मावशींना वेगळा चार्जर दिला. ईएसपी३२ परत सुरू झाल्यावर आधीचाच देखावा यावा म्हणून डब्ल्यूएलईडीत बूट प्रीसेट ठेवला.

दुसरी तक्रार अनवाणी आलेल्यांची: पट्टीच्या अॅल्युमिनियम चॅनलला हात लागला की मुंग्या येतात. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मुख्य पुरवठ्याची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो. त्यातून नगण्य करंट गळतो आणि ओलसर फरशीवर तो जाणवतो. चांगल्या चार्जरमध्ये ही गळती मर्यादेत असते. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये तो कपॅसिटर कुठल्या दर्जाचा आहे हे बाहेरून कळत नाही, आणि कारंज्याचं पाणी शेजारी असताना तिथे जुगार खेळू नये. बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेलाच चार्जर वापरावा, तो जमिनीपासून वर आणि पाण्याच्या भांड्यापासून लांब टांगावा. इथे चॅनल पट्टीपासून अलग करून मागे पुठ्ठा लावला. तक्रार थांबली.

(मंडळांच्या हलत्या देखाव्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे १२ व्होल्ट ३० अँपिअरचे एसएमपीएसच हवेत.)

हौदापर्यंत

विसर्जनाला मूर्तीभोवती फक्त रंगीत पट्टी न्यायची होती, पॉवर बँकवर. हाताशी असलेली पॉवर बँक २० व्होल्ट देत नव्हती, म्हणून २० वर चालणारा डबा घरीच राहिला आणि पट्टी व ईएसपी३२ थेट ५ व्होल्टवर जोडले. त्यासाठी घेतलेल्या साध्या सी सॉकेटच्या बोर्डवर ए-टू-सी केबलने दिवे लागत, सी-टू-सीने नाही. सी तोंडाचा पुरवठादार समोर कोणी आहे याची खूण मिळाल्याशिवाय एक व्होल्टही सोडत नाही. ती खूण म्हणजे सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पायांना जमिनीकडे ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रेझिस्टर. दोघांत मिळून एक लावून पैसे वाचवू नयेत. २०१९ सालच्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ वर नेमकं तेच झालं होतं आणि ई-मार्कर असलेल्या केबलवर तो बोर्ड चालूच होत नव्हता. इथे दोन रेझिस्टर सोल्डर केल्यावर काम झालं.

२०,००० मिलिअँपिअर-अवरची बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलनुसार ७४ वॅट-अवर. रूपांतरातली गळती जाऊन ६० हाती येतात. पट्टी आणि बोर्ड मिळून ८ वॅट धरले तर सात तासांहून अधिक. खरी अडचण उलट बाजूने आली: सावकाश विझून उजळणारा देखावा निवडल्यावर मधल्या काळोखात करंट इतका खाली जाई की बँक ‘फोन भरला’ असं समजून बंद होई. उजेडाची खालची मर्यादा वाढवली, पट्टी पूर्ण काळी होणारच नाही अशी. केबलही बदलली. आतल्या तारा २८ गेजच्या असलेली २ मीटरची केबल जाऊन-येऊन ०.८५ ओहम अडथळा करते, १.६ अँपिअरला तिच्यातच १.४ व्होल्ट जातात, आणि निळे दिवे आधी मंदावून पट्टी तांबूस दिसू लागते. अर्ध्या मीटरची जाड केबल लावल्यावर मूर्ती हौदापाशी पोचेपर्यंत रंग शाबूत राहिला.